भूक, रांग आणि बंड : लोक नेमके कधी उठतात?

सारंगपाणी

इतिहासाच्या पेपरात फ्रेंच किंवा रशियन राज्यक्रांतीची कारणं लिहायला सांगितली की 'अन्नटंचाई व महागाई' हा मुद्दा आपण डोळे झाकून लिहायचो आणि त्याचे मार्कही मिळायचे. पण १९१७ च्या पेट्रोग्राडबद्दल (रशियाची तेव्हाची राजधानी, म्हणजे सेंट पीटर्सबर्ग) जसजसं वाचत गेलो, तसतसं हे सरळ गणित मला पटेनासं झालं. खरी उपासमार असते तेव्हा माणसं भांडीकुंडी विकतात, झाडपाला खातात, गाव सोडतात आणि रस्त्याच्या कडेला मरून पडतात. बंड करायला अंगात त्राण लागतं, ते तेव्हा उरलेलं नसतं. माझं म्हणणं असं की लोक उठतात ते धान्य आहे हे त्यांना ठाऊक असूनही ते हाती लागत नाही तेव्हा. आणि ते पुरवायची जबाबदारी ज्याची, तो डोळ्यांसमोर असतो तेव्हा.

पहिल्या महायुद्धाआधी रशिया जगातल्या सर्वांत मोठ्या धान्य निर्यातदारांपैकी एक होता. १९१४ मध्ये तुर्कस्तानने सामुद्रधुनी बंद केली, काळ्या समुद्रातून बाहेर जाणारं धान्य थांबलं. म्हणजे खायला उलट जास्त शिल्लक राहायला हवं होतं. मग राजधानीत पाव का मिळेना? एक तर धान्य पिकायचं दक्षिणेला आणि पेट्रोग्राड पार उत्तरेला. मधली रेल्वे सैन्याच्या दिमतीला, इंजिनं नादुरुस्त. सरकारने धान्याचे भाव बांधून दिले, पण कापड, रॉकेल, खिळे, नांगराचे फाळ यांचे भाव मोकाट सुटले. शेतकऱ्याने साधा हिशेब केला. रोज किंमत घसरणाऱ्या नोटा घेऊन त्यात काही विकत मिळणार नसेल तर धान्य विकायचं कशाला? त्याने ते कोठारात ठेवलं, जनावरांना घातलं, घरी दारू गाळली. १९१६ च्या अखेरीस सरकारने सक्तीची लेव्ही लावली, तीही नीट वसूल झाली नाही.

पुढच्या रशियाच्या १९१७ पर्यंतच्या तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत, त्यात १३ दिवस मिळवायचे. १९ फेब्रुवारीला जाहीर झालं की १ मार्चपासून पाव रेशनवर मिळणार. बातमी फुटताच लोकांनी दुकानांवर धाड घातली, बेकऱ्या रिकाम्या झाल्या. २२ तारखेला पुतिलोवच्या अवाढव्य कारखान्यात टाळेबंदी. २३ तारखेला महिला दिन होता. व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी काम टाकलं, शेजारच्या धातुकारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून पुरुषांना बाहेर बोलावलं, आणि पुलांवर पोलीस होते म्हणून गोठलेल्या नेवा नदीवरून चालत लोक शहराच्या मध्यभागी शिरले. त्या सकाळी कुठल्याही पक्षाने संपाची हाक दिलेली नव्हती. डाव्या पक्षांचे स्थानिक पुढारी तर इतक्यात संप नको म्हणत होते.

सेनाधिकारी खबालोव्हने गावभर नोटिसा लावल्या की शहरात पीठ पुरेसं आहे. आणि त्यात तथ्य होतं! शहरात काही दिवसांचा साठा होता. पण तो सगळ्या बेकऱ्यांपर्यंत पोचत नव्हता, कुठे भट्टीला जळण नव्हतं, कुठे बेकरीवाला पीठ मागच्या दाराने जास्त भावाने काढत होता. पहाटेपासून गोठत उभ्या असलेल्या बाईने ती नोटीस वाचली तेव्हा तिला काय वाटलं असेल याचा विचार करा. टंचाई आहे असं म्हणाले असते तर ती कदाचित घरी गेली असती. पीठ आहे म्हटल्यावर प्रश्न उरला तो एकच : मग ते कोण खातंय?

झारच्या गुप्त पोलिसांना हे आधीच कळलं होतं. त्यांच्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की रांगांत थकलेल्या, घरी आजारी अर्धपोटी मुलं असलेल्या आया या मिल्युकोव्हसारख्या विरोधी पुढाऱ्यांपेक्षा जास्त धोकादायक आहेत. आठवड्याभरात, २ मार्चला, झारने राजत्याग केला.

भुकेपेक्षा रांग जास्त स्फोटक असते असं मला वाटतं. रांगेत शंभर अनोळखी माणसं रोज तीन-चार तास एकत्र उभी राहतात, बोलतात, अफवा ऐकतात, आणि सगळ्यांची तक्रार एकच असते. तुम्हाला काय वाटतं? दुसऱ्या देशांतली, आपल्याकडची उदाहरणं या म्हणण्याला धरून आहेत की विरुद्ध जातात?

कावेरी

फ्रान्स तुमच्या बाजूने साक्ष देईल. १३ जुलै १७८८ ला तिथे प्रचंड गारपीट झाली, पीक गेलं, त्यावर कडक हिवाळा. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सू ला (सू म्हणजे तिथलं छोटं नाणं) मिळायचा, तो फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सू वर गेला. मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू, म्हणजे निम्मी किंवा त्याहून जास्त मजुरी नुसत्या पावावर. पण एवढ्यावर थांबलं तर अर्धंच कळतं. प्रजेच्या पावाची काळजी राजाने वाहायची, हा तिथला जुना संकेत होता. १७७४ मध्ये राजाचा अर्थमंत्री तुर्गोने धान्याचा व्यापार खुला केला तेव्हाच या संकेताला तडा गेला आणि पुढच्या वर्षी 'पिठाचं युद्ध' म्हणतात ते दंगे झाले. त्या दंग्यांत लोक धान्याची गाडी अडवायचे, त्यांना रास्त वाटेल त्या भावाने ते वाटून घ्यायचे आणि बऱ्याच ठिकाणी तेवढे पैसे मालकाला देऊनही टाकायचे. ही लूट नव्हे. भाव ठरवायचं राजाचं काम लोकांनी आपल्या हातात घेतलं होतं.

५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसात चालत व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजा-राणीला घेऊनच परतल्या. येताना त्या म्हणत होत्या की आम्ही बेकरीवाल्याला, त्याच्या बायकोला आणि पोराला घेऊन आलोय. राजा म्हणजे बेकरीवाला! जबाबदारी कोणाची याबद्दल त्यांच्या मनात काडीचा संशय नव्हता.

आता याच शहराची दुसरी बाजू. १७९५ चा वसंत १७८९ पेक्षा कितीतरी भयंकर होता. भावांवरची कमाल मर्यादा काढून टाकलेली, नोटांची किंमत मातीमोल, लोक खरोखर उपाशी. त्या वर्षी पॅरिसचे गरीब दोनदा उठले, 'पाव आणि १७९३ ची राज्यघटना' अशी मागणी करत. दोन्ही वेळा चिरडले गेले. भूक जास्त होती, पण सोबतीला कोणी उरलं नव्हतं.

भीमथडी

सारंगपाणी, आपल्याकडचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. पुणे जिल्ह्यातलं सुपे आमच्या घरापासून फार लांब नाही.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजारचा दिवस. आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि गुजर-मारवाडी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. तिथून लोण भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर, नगर जिल्ह्यातलं पारनेर, श्रीगोंदे असं पसरलं. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे : जमावाला पाहिजे होते कागद. कर्जरोखे, खतं, हुकूमनामे. सावकाराने दप्तर मुकाट्याने बाहेर काढून दिलं तिथे सहसा कोणाच्या अंगाला हात लागला नाही. दिलं नाही तिथे घर फुटलं. कागदांची होळी झाली की लोक पांगायचे.

मुद्दा असा की १८७५ हे दुष्काळाचं साल नव्हतं. त्याआधीची कहाणी अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून सुरू होते. १८६१ ते ६५ तिकडचा कापूस बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळत होती, सावकार मागेल त्याला पैसे देत होता. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. नेमकं त्याच सुमाराला, १८६७ पासून, इंदापूर-भीमथडीकडे नवी जमाबंदी आली आणि सारा भरमसाट वाढला. सारा रोख भरायचा, त्यासाठी परत सावकाराच्या ओट्यावर. मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी रोखा नवा करायचा, त्यात व्याज मुद्दलात घालायचं. कोर्टात कुणबी हजर राहायचा नाही, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि जमीन नावावरून जायची. पूर्वी गावाच्या धाकात असणाऱ्या सावकारामागे आता दिवाणी कोर्ट उभं होतं.

दुष्काळ आला तो नंतर, १८७६ ला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, कलादगी (आजचा विजापूर-बागलकोट भाग) हे जिल्हे होरपळून निघाले. मुंबई इलाख्यात लाखो माणसं गेली. पण त्या दोन वर्षांत सुप्यासारखा उठाव कुठे दिसत नाही. दिसतो तो एक वेगळाच प्रकार. दुष्काळी कामांवरची मजुरी व्हाइसरॉयने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलने एक रतल (साधारण अर्धा किलो) धान्य आणि एक आणा एवढी खाली आणली, तेव्हा जानेवारी १८७७ मध्ये हजारो मजूर काम सोडून निघून गेले. मारामारी नाही, जाळपोळ नाही. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज करत होती. त्याच महिन्याच्या १ तारखेला दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटनचा दरबार भरला होता आणि बंदरांतून धान्य परदेशी जातच होतं.

आणि मग १८७९. लष्करी हिशेब खात्यातला कारकून वासुदेव बळवंत फडके. दुष्काळात गावं फिरून आलेला माणूस. इंग्रजांविरुद्ध का उठलो हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं, त्यात दुष्काळात तडफडून मेलेल्या लोकांचा विषय पुन्हा पुन्हा येतो. त्यांना साथ दिली रामोशांनी, ज्यांची गावरखवालीची वतनं ब्रिटिश अमलात गेली होती आणि दुष्काळाने उरलंसुरलंही संपवलं होतं. फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा पडला. सैन्य उभारायला पैसा हवा होता, हाती लागली ती किरकोळ रक्कम. मे महिन्यात रामोशांचे पुढारी दौलतराव नाईक चकमकीत पडले, जुलैत कलादगी जिल्ह्यात फडके पकडले गेले. त्यांचं वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतलं. एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला.

म्हणजे क्रम कसा लागतो बघा : आधी भाव पडले आणि कर्ज वाढलं, तेव्हा दंगा. मग खरी उपासमार, तेव्हा स्थलांतर आणि मरण. उपासमार ओसरल्यावर, ती पाहिलेल्या एका शिकलेल्या माणसाचं बंड. त्याच १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला. कायदा फडक्यांमुळे आला असं मी म्हणणार नाही, त्याची तयारी सुप्यापासून चालू होती. पण सुप्यात कागद जळले नसते तर सरकारने त्या कागदांकडे पाहिलं असतं का, हा प्रश्न मला कायम पडतो.

लिफीकाठ

भीमथडी, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण मी राहते त्या आयर्लंडची कहाणी जवळपास हीच, आणि साल सुद्धा तेच!

१८४५ ते ४९ बटाट्याचं पीक सडलं. दहा लाख माणसं मेली, जवळपास तेवढीच जहाजांत बसून परागंदा झाली. त्या काळात इथून ओट, लोणी, जनावरं इंग्लंडला जातच होती. १८४८ मध्ये टिपेररी परगण्यात 'यंग आयर्लंड' या राष्ट्रवादी गटाच्या मंडळींनी उठावाचा प्रयत्न केला, तो बॅलिंगॅरीच्या एका शेतघराभोवती काही तासांत संपला. उपाशी खेडूत मोठ्या संख्येने आलेच नाहीत, धर्मगुरूंनीही परत जायला सांगितलं.

जमीन हादरली ती तीस वर्षांनी, १८७९ ला. तेव्हाही पीक बुडालं होतं, पण मोठ्या दुष्काळाच्या मानाने संकट लहान होतं. फरक हा की मधल्या काळात कुळांची स्थिती थोडी सुधारली होती आणि ती परत गमावण्याची वेळ आली होती. मेयो परगण्यातून लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली, मायकेल डेव्हिट त्यातला मुख्य माणूस. त्याच्या आईवडिलांना त्या मोठ्या दुष्काळानंतर घरातून हुसकून लावलं होतं, तो तेव्हा लहान पोर होता. बघितलेल्याचं बंड पुढच्या पिढीत उगवलं. पुढच्या वर्षी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी गावाने सगळे व्यवहार तोडले.

भीमथडी

लिफीकाठ ताई, मग हेही ऐका. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने डिसेंबर १८७४ मध्येच सावकारावर असा बहिष्कार घातला होता. न्हावी, धोबी, सुतार, लोहार, कोणी त्याचं काम करायचं नाही आणि त्याच्या दुकानातून काही घ्यायचं नाही. शेवटी तो चंबूगबाळं उचलून तालुक्याच्या गावी गेला. आसपासच्या गावांनी तसेच करार लिहून घेतले. सुप्याच्या पाच महिने आधीची ही गोष्ट. कर्ड्याला कोणी लँड लीग नव्हती, नेता नव्हता. बलुतेदारीची घडी होती, तीच संघटना झाली.

मंद्र

आतापर्यंत सगळे एकमेकांना दुजोरा देताय. मला १९४३ चा बंगाल मध्ये आणायचाय.

अंदाजे तीस लाख माणसं मेली. तांदूळ होता, दुकानांत दिसत होता, कलकत्त्याच्या फुटपाथवर लोक भरल्या दुकानांसमोर मेले. जबाबदार कोण हेही उघड होतं. म्हणजे सारंगपाणींच्या दोन्ही अटी पूर्ण. तरी क्रांती सोडा, मोठी दंगलसुद्धा झाली नाही. का?

मला सापडलेलं उत्तर असं. सरकारला शहराची भीती होती. युद्धसामग्रीचे कारखाने, गोदी, रेल्वे, सरकारी कचेऱ्या इथल्या कामगारांना 'अग्रक्रमाचे वर्ग' ठरवून स्वस्तात धान्य पुरवलं गेलं. म्हणजे जे एकत्र येऊन काम बंद पाडू शकले असते त्यांची पोटं भरली. मेले ते भूमिहीन शेतमजूर, कोळी, नावाडी, खेड्यातले कारागीर. ते शहरात आले ते एकेकटे, घर मोडून, पेज मागत. काँग्रेसचे बहुतेक पुढारी १९४२ पासून तुरुंगात. जो वर्ग उठू शकतो त्याला खायला घालायचं आणि जो उठू शकत नाही त्याला मरू द्यायचं, याइतकं निर्दय आणि यशस्वी धोरण मला दुसरं दिसत नाही.

पुढे १९४६ च्या पिकाला त्याच बंगालमध्ये बटाईदारांनी तेभागा लढा केला. पिकाचा दोन तृतीयांश वाटा आमचा आणि रास आमच्या खळ्यावर लागेल, ही मागणी. दुष्काळात किसान सभेचे कार्यकर्ते गावांत मदतकार्य करत होते, तिथे ओळखीपाळखी झालेल्या होत्या. उठाव झाला तो तीन वर्षांनी, जिवंत राहिलेल्यांचा.

आडवाट

तुम्ही सगळे लोकांकडे बघताय. मी म्हणतो बंदुकीकडे बघा.

९ जानेवारी १९०५ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये कामगार बायकामुलांना घेऊन झारकडे अर्ज द्यायला गेले. सैन्याने गोळ्या घातल्या. वर्षभर देश पेटला, पण सैन्य एकंदरीत हुकमात राहिलं आणि झार टिकला. १९१७ ला २६ फेब्रुवारीला झ्नामेन्स्काया चौकात परत तेच झालं. व्होलिन्स्की रेजिमेंटच्या तुकडीने गोळीबार केला, माणसं पडली. त्या रात्री बराकीत सार्जंट किर्पिच्निकोव्ह आणि त्याचे सोबती झोपले नाहीत. सकाळी अधिकारी आला तेव्हा त्यांनी बाहेर पडायला नकार दिला, अधिकारी मारला गेला, आणि संध्याकाळपर्यंत पलटणींमागून पलटणी रस्त्यावरच्या लोकांना जाऊन मिळाल्या. क्रांती २३ ला सुरू झाली म्हणतात, माझ्या मते ती २७ ला सकाळी झाली. रांगा मॉस्कोतही होत्या, युद्ध लढणाऱ्या बर्लिन-व्हिएन्नातही होत्या.

सारंगपाणी

आडवाट, मान्य, पण त्या बराकीत कोण होतं? राजधानीतल्या फौजेत मुरलेले शिपाई थोडे. बाकी नुकतेच भरती केलेले पोरगे, जखमेतून बरे झालेले, चाळिशीतले संसारी राखीव सैनिक. ज्या रांगेवर गोळी झाडायची त्या रांगेत त्यांची बायको, आई उभी असू शकत होती. १९०५ चं सैन्य असं नव्हतं. तेव्हा रांग आणि बंदूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटत नाही.

पाझर

मी कर्जत तालुक्यातला, नगर जिल्हा. ७२ च्या दुष्काळात दहा वर्षांचा होतो. आई-वडील दोघं खडी फोडायला जायचे. उन्हात नुसता हातोड्यांचा आवाज, बायकांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण खडीच्या कपच्या उडायच्या. मुकादम मोजमाप घेऊन जायचा आणि मस्टरवर अंगठे. दुपारी सुकडी मिळायची, आम्हा पोरांचं लक्ष तिच्याकडे. रेशनवर मिलो, लाल रंगाची परदेशी ज्वारी. भाकरी नीट थापता यायची नाही, पण पोटात जायची.

पगार थकला की गाव मामलेदार कचेरीवर जाऊन बसायचं. काम बंद पडलं की 'काम द्या' म्हणून मोर्चा. मला आठवतात ते लाल निशाण आणि लाल बावट्याचे कार्यकर्ते, सायकलवर येणारे. त्यांनी आम्हाला मस्टर वाचायला शिकवलं, आठवड्याचे किती दिवस मांडलेत ते तपासायला शिकवलं. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढी उपाशी, पण एकत्र काम करणारी, रोज भेटणारी माणसं. सरकारने त्यांना वाऱ्यावर सोडलं असतं तर काय झालं असतं? वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना तेव्हा उपयोगी आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक.

मुंबईत त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे वेगवेगळ्या पक्षांच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर येत होत्या. रॉकेल, तेल, साखर हे त्यांचे विषय. आमच्या खडीवरच्या बायका आणि गिरगाव-गोरेगावच्या या बायका एकमेकींना कधी भेटल्या नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्ही बंड केलं नाही. पण आम्ही गप्पही बसलो नव्हतो, हे तुमच्या चर्चेत कुठे बसतं?

कावेरी

पाझर काका, माझ्या मते ते या सगळ्याच्या मध्यभागी बसतं. दाद मागायला जागा होती, आणि दाद मागितल्यावर मस्टर निघत होतं. जिथे हे होतं तिथे भुकेची मागणी होते आणि मागणीचा कायदा होतो. पेट्रोग्राडच्या बाईला मामलेदार कचेरी नव्हती.

मांडवी

बडोद्याहून लिहितेय. कायदा झाला नाही तर काय होतं ते आमच्या शेजारी अहमदाबादेत दिसलं. डिसेंबर १९७३, एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेज. वसतिगृहाच्या मेसचं बिल वाढलं म्हणून पोरांनी संप केला. शेंगतेलाचे भाव आकाशाला भिडले होते आणि तेलाच्या व्यापाऱ्यांशी सरकारचं साटंलोटं आहे असं घराघरांत बोललं जात होतं. नवनिर्माण आंदोलन पसरत गेलं आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला. ती पोरं उपाशी नव्हती. घरच्या मनिऑर्डरीत महिना भागेना, एवढंच, आणि तेल कोणी दाबून ठेवलंय हे त्यांना माहीत होतं.

नारळीबाग

२०२२ मध्ये मी नोकरीनिमित्त कोलंबोत होतो. आमच्या गल्लीत गॅसच्या सिलिंडरांची रांग लागायची. लोक सिलिंडर साखळीने एकमेकांना बांधून, वर रंगाने घराचं नाव लिहून ठेवायचे आणि आळीपाळीने राखण करायचे. तीन दिवस, चार दिवस. वीज दहा-दहा तास नाही. दुधाची भुकटी नाही, आणि तिकडे चहा तिच्याशिवाय होत नाही. रांगेतच मला मार्चमध्ये पहिल्यांदा ऐकू आलं की अमुक दिवशी अध्यक्षांच्या घरासमोर जमायचंय. सांगणारी बाई शाळेत शिक्षिका होती.

कारणं एका दिवसात घडली नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली, भाताचं पीक घसरलं. करकपात, मग करोना, पर्यटन बंद, डॉलर संपले, एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवली. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले.

सारंगपाणींच्या म्हणण्याला पुष्टी देणारी एक गोष्ट सांगतो. सर्वांत जास्त उपासमार होती डोंगरावरच्या चहामळ्यांतल्या तमिळ मजुरांच्या वस्त्यांत. कोलंबोतल्या गॉल फेस मैदानावरच्या आंदोलनाचा चेहरा मात्र शहरातला मध्यमवर्ग होता. मळ्यांना टंचाई नवी नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांची होती. ज्यांचं पहिल्यांदाच गेलं ते आधी बाहेर आले.

मंद्र

नारळीबाग, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मळ्यातल्या बाईचा राग कमी होता असं मात्र समजू नये. तिच्यामागे कॅमेरा आला नाही, हेही आहेच.

आडवाट

सारंगपाणी, एक प्रश्न राहतो. भाकरीच्या नावाने सत्तेवर आलेल्यांचं पुढे काय झालं? 'शांतता, जमीन, भाकरी' म्हणणाऱ्या बोल्शेविकांनी भाकरी दिली का?

सारंगपाणी

नाही दिली. १९१८ च्या वसंतात पेट्रोग्राडचं रेशन झारच्या काळापेक्षा खाली गेलं होतं. त्यांनी शहरं जगवायला गावांवर सशस्त्र तुकड्या पाठवल्या आणि शेतकऱ्यांकडचं धान्य, पुष्कळदा पुढच्या पेरणीचं बियाणंसुद्धा, उचलून आणलं. तांबोव्ह प्रांतातले शेतकरी १९२० मध्ये त्याविरुद्ध हत्यारं घेऊन उठले. २२ जानेवारी १९२१ ला मोठ्या शहरांतलं पावाचं रेशन एक तृतीयांशाने कापलं. फेब्रुवारीत पेट्रोग्राडचे कारखाने परत बंद पडले, त्यात पुतिलोवही होता. त्यांच्या बाजूने पेट्रोग्राडजवळच्या क्रोन्श्टाटच्या आरमारी तळावरचे खलाशी उठले, तेच क्रोन्श्टाट ज्याला बोल्शेविक पुढारी त्रोत्स्कीने १९१७ मध्ये क्रांतीचा अभिमान आणि वैभव म्हटलं होतं. त्यांच्या मागण्या वाचल्या तर त्यात सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडलेल्या मंडळांच्या, नव्या निवडणुका आहेत, गावाकडून शहरात येणाऱ्या धान्याच्या पिशव्या जप्त करणारी नाकी उठवा असं आहे, सगळ्या कष्टकऱ्यांना सारखं रेशन द्या असं आहे.

तुमच्या बंदुकीचा मुद्दा इथे लागू पडतो. या वेळी सरकारचे सैनिक गोठलेल्या समुद्रावरून चालून गेले, पहिला हल्ला फसला तरी दुसरा केला, आणि १८ मार्चला तळ पडला. पण तेव्हाच दुसरीकडे पक्षाचं अधिवेशन चालू होतं आणि लेनिनने तिथे धान्याची सक्तीची उचल बंद करून ठरावीक कर घ्यायचा, उरलेलं शेतकऱ्याने बाजारात विकायचं, हे मंजूर करून घेतलं. २१ मार्चला तसा हुकूम निघाला.

व्होल्गाकाठच्या शेतकऱ्यांसाठी तो उशिरा निघाला. तिथे पाऊस पडला नव्हता आणि बियाणं आधीच नेलेलं होतं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून सुमारे पन्नास लाख माणसं मेली. त्या उपासमारीतून सत्ता हादरवणारं बंड उठलं नाही.